जर्मनीतली पीएच.डी. आणि पोस्टडॉकची जाहिरात: आधी पैसा कुठून येतोय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.एस्सी. रसायनशास्त्र, सीजीपीए ८.२, त्यानंतर दीड वर्ष सोडियम-आयन बॅटरीच्या एका प्रकल्पावर काम. नेट दोनदा थोडक्यात हुकली. जर्मनीतल्या प्राध्यापकांना सत्तरेक मेल टाकल्या. उत्तरं आली चार, आणि चारही ‘सध्या जागा नाही’ अशी. मोठ्या भावाने पीएच.डी.चा प्रबंध जमा केलाय, व्हायवा बाकी आहे, तेही पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं मुदतीचं संशोधनाचं पद) शोधताहेत. मेलमध्ये काय चुकतंय आणि नेटचा नाद सोडून पूर्ण वेळ याच्याच मागे लागावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी इथे जर्मनीत पीएच.डी.ला आले, पोस्टडॉक इथेच केलं आणि गेली काही वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून आलेले अर्ज वाचते. तुमच्यासारख्या मेल मला आठवड्याला दहा-बारा येतात. बहुतेकांना मीही उत्तर देत नाही. वाईट वाटतं, पण ते का हे आधी सांगते.

आपल्याकडे पीएच.डी.ला ‘प्रवेश’ असतो. पेट परीक्षा, मार्गदर्शकाकडे रिकाम्या जागा, मग रजिस्ट्रेशन, आणि फेलोशिप मिळाली तर मिळाली. त्यामुळे ‘सर, तुमच्याकडे जागा आहे का’ हा प्रश्न आपल्याकडे बरोबर ठरतो. इथे मात्र विज्ञान शाखेतली पीएच.डी. ही बहुतेक वेळा नोकरीच असते. करारपत्र, पगाराची पावती, आरोग्य विमा, पेन्शनचा हप्ता, वर्षाची रजा, सगळं. आणि नोकरी म्हटली की तिच्यामागे एक ठरावीक पैशांची पेटी असते. ती पेटी कधी उघडणार, किती वर्षं पुरणार आणि कशासाठी वापरायची, हे प्राध्यापकाच्या मर्जीवर फारसं नसतं. तुम्ही मेल पाठवली तेव्हा पेटी बंद असेल, तर ‘जागा नाही’ हे उत्तर शब्दशः खरं असतं. त्यात टाळाटाळ नाही.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगते: जाहिरात हातात आली की विषय नंतर वाचा, आधी पैसा कुठून येतोय ते शोधा. बाकी बहुतेक गोष्टी त्यावरून आपोआप कळतात.

एक नमुना घेऊ. इथल्या जाहिराती साधारण अशा असतात: ‘डॉक्टरल रिसर्चर, मटेरियल केमिस्ट्री. टीव्ही-एल ई १३, ६७ टक्के, ३ वर्षांपुरती. डीएफजीच्या प्रकल्पात. सोडियम-आयन बॅटरीच्या कॅथोडवर काम. एम.एस्सी. आवश्यक, इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा अनुभव आवश्यक, एक्स-रे डिफ्रॅक्शनची माहिती असल्यास उत्तम, जर्मन येत असल्यास उत्तम. अपंग उमेदवारांना समान पात्रता असल्यास प्राधान्य. संदर्भ क्रमांकासह एकाच पीडीएफमध्ये अर्ज पाठवा.’

टीव्ही-एल म्हणजे राज्यांच्या कर्मचाऱ्यांचा वेतन करार आणि ई १३ ही पदव्युत्तर शिक्षणाची श्रेणी. हेसन राज्याचा करार वेगळा आहे, तिथे टीव्ही-एच लिहिलेलं दिसेल. फेब्रुवारी २०२५ च्या तक्त्यात या श्रेणीच्या पहिल्या पायरीला पूर्ण पदाचा पगार महिना साधारण ४,६०० युरो होता, कर आणि विमा कापण्याआधी. ६७ टक्के म्हणजे त्याचे दोन तृतीयांश, साधारण ३,१०० युरो. एकट्या माणसाच्या हातात त्यातले दोन हजारांच्या थोडे वर पडतात. म्युनिकमध्ये खोलीचं भाडंच यातला मोठा घास घेतं; केमनित्स किंवा मागडेबुर्गला याच पगारात ऐसपैस राहता येतं. आणि ६७ टक्क्यांचा अर्थ आठवड्यातले सव्वातीन दिवस काम असा कुणीही लावत नाही. काम पूर्णच असतं. उरलेला वेळ तुम्ही ‘स्वतःच्या प्रबंधासाठी’ देता अशी कागदावरची समजूत आहे. यावर इथले लोकही वैतागतात. संगणकशास्त्र आणि इंजिनिअरिंगमध्ये बऱ्याचदा पूर्ण पद मिळतं, कारण तिथली मुलं नाहीतर थेट कंपन्यांत जातात. रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रवाल्यांची तेवढी पत नाही.

आता ‘डीएफजीच्या प्रकल्पात’ हे शब्द. डीएफजी म्हणजे जर्मन संशोधन परिषद. तिच्या एकट्या प्राध्यापकाच्या प्रकल्पाला पैसा साधारण ३ वर्षांचा मिळतो, म्हणून जागा ३ वर्षांची. प्रकल्पाचा प्रस्ताव आधीच लिहून, तपासून, मंजूर झालेला आहे. म्हणजे ‘माझ्याकडे एक स्वतःची कल्पना आहे’ असं पत्रात लिहून उपयोग नाही. त्यांना त्यांच्या प्रस्तावातलं काम करणारे हात आणि डोकं हवंय. याउलट पैसा विद्यापीठाच्या स्वतःच्या बजेटमधला असेल, तर जाहिरातीत ‘अध्यापनात सहभाग’ अशी ओळ येते आणि आठवड्याचे तासही लिहिलेले असतात. ‘जर्मन येत असल्यास उत्तम’ ही ओळ प्रकल्पाच्या जाहिरातीत असेल तर तिला घाबरू नका, प्रयोगशाळेत सगळे इंग्रजीच बोलतात. तीच ओळ बजेटच्या जागेत असेल तर मात्र ती खरी असते, कारण पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रॅक्टिकल्स जर्मनमध्ये घ्यायची असतात.

तिसरी पेटी म्हणजे मोठे गट. डीएफजीची ‘ग्राडुइअर्टनकोलेग’ म्हणजे पीएच.डी. विद्यार्थ्यांचे गट, आणि ‘झोंडरफोर्शुंग्सबेराइश’ म्हणजे अनेक प्राध्यापकांचं मिळून मोठं केंद्र. केंद्राला साधारण ४-४ वर्षांच्या तीन टप्प्यांत १२ वर्षांपर्यंत पैसा मिळू शकतो. नवीन गट आणि केंद्रं साधारण मे आणि नोव्हेंबरमध्ये जाहीर होतात. जाहीर झाल्यावर काही महिन्यांत एकाच विषयात एकदम डझनभर जागा निघतात. तुमच्यासारख्यांनी डोळा ठेवायचा तो इथे. मंजूर प्रकल्पांची यादी डीएफजीच्या ‘गेप्रिस’ नावाच्या डेटाबेसवर सगळ्यांना उघडी असते: प्राध्यापक कोण, विषय काय, कधीपासून, सारांशासकट. युरोपीय संघाच्या प्रकल्पांसाठी तसाच ‘कॉर्डिस’ आहे. आपल्याकडून येणाऱ्या शंभरातल्या एखाद्याने तरी गेप्रिस उघडलेलं असतं का, याची मला शंका आहे.

सत्तर मेलऐवजी हे करून बघा. गेप्रिसमध्ये ‘सोडियम’ आणि ‘कॅथोड’ टाका, गेल्या वर्षभरात सुरू झालेले प्रकल्प काढा, दहा-बारा निघतील. त्यातल्या प्रत्येकाच्या गटाचं पान बघा, जाहिरात आहे का ते बघा. असेल तर रीतसर अर्ज. नसेल तर आठ ओळींची मेल: तुमचा अमुक प्रकल्प सुरू झाल्याचं पाहिलं, मी याच पदार्थांवर काम केलंय, त्यातली जागा अजून भरायची असेल तर अर्ज करायला आवडेल. अशी मेल मी तरी बंद करत नाही.

मार्केटची बाकी ठिकाणं तुम्हाला माहीत असतीलच: युराक्सेस (युरोपातल्या संशोधनाच्या नोकऱ्यांचं संकेतस्थळ), डाड या जर्मन विनिमय संस्थेचा पीएच.डी. विभाग, अकाडेमिक्स हे जाहिरातींचं संकेतस्थळ. माक्स प्लांक संस्थांच्या पीएच.डी. शाळा वर्षातून एकदा अर्ज घेतात, बऱ्याचशा शरद ऋतू ते हिवाळ्यात. युरोपीय संघाच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये पगार बरा असतो आणि एक अट आपल्या बाजूची असते: ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे तिथली घरची मुलं आपोआप बाद. आणि कुठल्याही जागेसाठी कुणी ‘प्रोसेसिंग फी’ मागितली तर ती जाहिरात खोटी, इतकं सरळ आहे.

आता अर्ज आमच्याकडे आल्यावर त्याचं काय होतं ते सांगते. एका जागेला शंभराच्या वर अर्ज आलेले मी पाहिलेत. पहिली चाळणी विद्वत्तेची नसते, तक्त्याची असते. एक एक्सेल, डावीकडे उमेदवार, वर जाहिरातीतल्या अटी, मध्ये हो किंवा नाही. कुणाला का बोलावलं नाही हे आम्हाला लेखी द्यावं लागतं, म्हणून हा खटाटोप. जाहिरातीत ‘आवश्यक’ लिहिलेली गोष्ट तुमच्या अर्जात मला अर्ध्या मिनिटात सापडली नाही, तर त्या चौकोनात ‘नाही’ पडतं. तुम्हाला ती येत असली तरी.

तुम्ही नमुन्याला दिलेल्या पत्रात सुरुवातीची सहा वाक्यं आहेत ती अशी: मी प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे, लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे, तुमच्या ‘एस्टीम्ड ग्रुप’मध्ये संधी मिळाली तर मी ती सार्थ करेन. यातलं एकही वाक्य तक्त्यातला एकही चौकोन भरत नाही. आणि ज्या गोष्टीवर मी तुम्हाला लगेच बोलावलं असतं ती सीव्हीच्या दुसऱ्या पानावर, तळाशी, एका ओळीत: ‘कॉइन सेल फॅब्रिकेशन’, म्हणजे चाचणीसाठी नाण्याएवढ्या बॅटऱ्या जोडणं. अहो, तीच तर वर हवी! किती सेल जोडले? स्वतः? ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हवा-ओलावा न शिरणाऱ्या बंद कपाटात? प्रश्नाखाली तुम्हीच लिहिलंय की पहिल्या खेपेचे निम्मे सेल पन्नास चक्रांच्या आत बसले, मग ग्लोव्हबॉक्सच्या अँटीचेंबरच्या सीलमधून ओलावा येतोय हे तुम्ही शोधलं आणि पावडर रात्रभर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वाळवायला सुरुवात केल्यावर सेल टिकायला लागले. हे पत्राचं पहिलं परिच्छेद होऊ द्या, जसंच्या तसं. ज्या माणसाने स्वतःचे सेल मेलेले पाहिलेत आणि का मेले ते शोधलंय, त्याला शिकवण्यात माझे सहा महिने वाचतात.

उपकरणांच्या यादीबद्दल थोडं कडक बोलते. आपल्या सीव्हीवर एक्सआरडी, एसईएम, टीईएम, एक्सपीएस, एनएमआर, रामन अशी बारा नावं असतात. मुलाखतीत विचारलं की कळतं, सॅम्पल आयआयटी बॉम्बेच्या सैफला (बाहेरच्यांना मोजमाप करून देणारं केंद्र) पाठवलं होतं आणि पीडीएफ परत आली होती. त्यात लाज काही नाही, मीही तेच केलंय. पण मग तसं लिहा. तीन रकाने करा: स्वतः चालवलं, डेटाचं विश्लेषण स्वतः केलं, मोजमाप बाहेरून करून घेतलं. जर्मन प्राध्यापक हा फरक वाचून खूश होतो, कारण बाकी नव्वद जणांनी तो केलेला नसतो.

गुणांचं एक गणित. इथे १.० सर्वात चांगलं आणि ४.० काठावर पास. तुमचे १० पैकी ८.२ असतील आणि पास व्हायला ४ लागत असतील, तर इथल्या नेहमीच्या सूत्राने ते १.९ च्या आसपास बसतं, म्हणजे ‘चांगला’. सीव्हीत फक्त ‘८.२’ लिहू नका, ‘१० पैकी ८.२’ लिहा.

आणि नावाचा घोळ. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं, वर आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्न झालेलं असेल तर विचारूच नका. माझ्या पहिल्या ऑफिसात माझ्या टपालपेटीवर वडिलांचं नाव चिकटवलेलं होतं आणि सात-आठ महिने मला त्यांच्याच नावाने पत्रं येत होती. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, पगारही माझ्या नावे येतोय का बघ. अर्जात सगळीकडे पासपोर्टवरचं नाव वापरा आणि सीव्हीच्या शेवटी एक ओळ टाका की गुणपत्रिकेवरचं अमुक नाव याच व्यक्तीचं आहे.

काही जाहिराती आधीच कुणाच्या तरी नावच्या असतात, हे मान्य करायला हवं. नियमामुळे जाहिरात द्यावी लागते, पण माणूस ठरलेला असतो. ओळखायचं कसं? मुदत जेमतेम दोन आठवडे, जागा दीड-दोन वर्षांची, आणि अटी इतक्या चमत्कारिक नेमक्या की पृथ्वीवर एकच माणूस त्यात बसावा. अशा ठिकाणी अर्ज करू नका असं नाही, पण रात्री जागवू नका. उलट ‘जागा भरेपर्यंत अर्ज स्वीकारू’ अशी ओळ दोन-तीन महिने टिकून असेल तर त्या गटाला खरंच माणूस मिळत नाहीये. का मिळत नाहीये, हे तिथल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला विचारून घ्या. मुलाखतीतही बिनधास्त विचारा: तुमच्या मागच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली, आणि ३ वर्षं संपल्यावर पगार कुठून आला? इथली पीएच.डी. बऱ्याचदा चार वर्षांकडे सरकते. हा प्रश्न उद्धट समजला जात नाही; ज्याला राग येतो त्याच्याकडे जाऊ नये.

मुलाखत साधारण अशी: वीस मिनिटं तुमच्या कामावर बोला, मग प्रश्न. लग्न, मूलबाळ यांबद्दल कुणी विचारू शकत नाही. २००६ पासून त्यासाठी कायदा आहे. ‘तुमची निवड करतोय’ असं प्राध्यापक म्हणाला की लगेच पेढे वाटू नका. त्यानंतर कागद कर्मचारी परिषदेकडे जातो, मग आस्थापना विभागाकडे. मी स्वतः तोंडी होकारावर पुण्यातली नोकरी सोडली आणि करार हातात यायला नऊ आठवडे गेले. दोन महिने आईकडे राहून काढले. सही झालेला करार आल्याशिवाय राजीनामा नाही.

आता तुमच्या दादांचं. पोस्टडॉकला दोन वाटा आहेत: दुसऱ्याच्या पेटीतून पगार घ्या किंवा स्वतःची पेटी घेऊन या. पहिल्या वाटेने पद बहुतेक वेळा पूर्ण ई १३ असतं. अनुभव मोजला गेला तर पायरी वरची मिळते, पण इथेच आपली मंडळी अडकतात. जेआरएफ-एसआरएफची (ज्युनियर आणि सीनियर रिसर्च फेलोशिपची) वर्षं आस्थापना विभागाच्या भाषेत ‘नोकरी’ नसतात, ‘स्कॉलरशिप’ असतात. ती मोजायची की नाही यात त्यांना थोडी मोकळीक असते, आणि मागितल्याशिवाय कुणी मोजत नाही. दादांनी संस्थेकडून लेटरहेडवर पत्र घ्यावं: या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, पूर्ण वेळ, काम काय. करारावर सही करण्याआधी पाठवावं. सहीनंतर दार बंद.

मुदतीचा कायदाही त्यांना माहीत हवा. २००७ च्या कायद्याप्रमाणे डॉक्टरेटआधी ६ वर्षं आणि डॉक्टरेटनंतर ६ वर्षं (वैद्यकशास्त्रात ९) इतकाच काळ विद्यापीठ तुम्हाला मुदतीच्या करारावर ठेवू शकतं. प्रकल्पाच्या पैशावर काही वेळा त्यापुढेही जाता येतं. यावरून २०२१ मध्ये ‘मी हाना’ या नावाने तरुण संशोधकांनी सोशल मीडियावर मोठा आवाज उठवला होता. डॉक्टरेटनंतरचं घड्याळ इथल्या पहिल्या मुदतीच्या करारापासून सुरू होतं, हे लक्षात ठेवून पहिलं पोस्टडॉक निवडावं. तीन वेगवेगळ्या गावांत दोन-दोन वर्षं काढली की सहा वर्षं संपतात आणि हातात संशोधनाची कुठलीच स्वतःची दिशा नसते. असे हुशार लोक मी पाहिलेत.

दुसरी वाट मला जास्त आवडते. हुम्बोल्टच्या पोस्टडॉक फेलोशिपला पीएच.डी.नंतर ४ वर्षांच्या आत अर्ज करता येतो. मारी क्युरी पोस्टडॉकला साधारणपणे ८ वर्षांपर्यंत, आणि तिची तारीख सहसा सप्टेंबरमध्ये असते. दोन्हींना यजमान प्राध्यापक लागतो, पण आता मेलचा सूरच बदलतो. ‘मला जागा द्या’ ऐवजी ‘मी हा प्रस्ताव लिहितोय, तुम्ही यजमान व्हाल का’. पैसे मागणाऱ्याला आणि पैसे घेऊन येणाऱ्याला मिळणारं उत्तर वेगळं असतं, हे सांगायला नको. हुम्बोल्टची रक्कम स्टायपेंड असते, पगार नव्हे, म्हणून त्यात पेन्शनचे हप्ते जात नाहीत. एवढं तेवढं सोसावं. पूर्ण ई १३ च्या पगारावर ब्लू कार्डही (उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना) मिळू शकतं (२०२५ मध्ये त्यासाठीची पगाराची किमान मर्यादा वर्षाला ४८,३०० युरो होती). तुमच्या ६७ टक्क्यांत ते बसत नाही, तुम्हाला संशोधकाचा किंवा नोकरीचा व्हिसा.

नेटचं म्हणाल तर सोडू नका. जर्मनीला नेट लागत नाही, पण दोन हुकलेल्या प्रयत्नांनंतर तिसऱ्यासाठी अभ्यास नव्याने करायचा नसतो. जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं आहे. आयसर पुणे किंवा एनसीएलसारख्या ठिकाणी ती घेऊन गेलात तर तुम्हीही स्वतःची पेटी घेऊनच गेलात. सकाळी नेट, संध्याकाळी अर्जाचं काम, आठवड्याला दोनपेक्षा जास्त अर्ज नाहीत. दोन नीट लिहिलेले अर्ज लिहायला खरंच तेवढाच वेळ लागतो.

दादांचा व्हायवा झाला की त्याच दिवशी परीक्षा विभागातून नोटिफिकेशन किंवा प्रोव्हिजनल प्रमाणपत्राचा अर्ज टाकायला सांगा. पदवीदान समारंभाची वाट बघू नका. मारी क्युरीला व्हायवा यशस्वी झाल्याचा कागद चालतो, पण विद्यापीठाच्या पोस्टडॉक करारासाठी आस्थापना विभाग डॉक्टरेटचा पुरावा मागतो. परीक्षकांचे अहवाल आले असतील आणि फक्त तारीख मिळत नसेल, तर मार्गदर्शकांना घेऊन स्वतः जाऊन बसा. मेलवर ती तारीख मिळत नाही. आणि तुमचं नवीन पत्र लिहून झालं की पाठवा, मी सेलवाला परिच्छेद वाचून सांगते.